तेरा खुणा

चौदा झाल्या असत्या तर गुरुवारी तिचं नाव टेबलावर आलं असतं.
तेरा झाल्या.
कॉन्स्टेबल इडवालने बेरीज दोनदा केली होती, पेन्सिलीने.
माणूस प्रामाणिक,
तेराला तेराच म्हणाला.

मी इतिवृत्त लिहिणारी.
होलीहेडला, वाचनालयाच्या माडीवर, एक गुरुवार सोडून एक,
पोलीस, दवाखाना, शाळा, कौन्सिलचं घरखातं.
खिडकीतून डब्लिनची बोट सुटताना दिसते
आणि कुणी ना कुणी घड्याळाकडे बघतं.
एका नावाला बारा मिनिटं.
तेराचं नाव माडी चढत नाही.
तेराला माहितीपत्रक जातं, टपालाने.

मेरेरिदला गेलं,
त्याच घरी, जिथं टपाल तो उघडतो.
(हे नंतर कळलं. तिकीट मीच चिकटवलं होतं.)

'त्याने कधी तुझा गळा दाबला आहे का?'
तिथं 'नाही'.
गळ्याशी आलं म्हणतात माणसं, सहज, एखादा हप्ता थकला तरी.
तिच्या खरंच आलं होतं, आणि ती 'नाही' म्हणाली,
कारण इडवाल विचारत होता तेव्हा
तो स्वयंपाकघरात केटलीत पाणी भरत होता
आणि एका केटलीला इतका वेळ लागत नाही.

जूनमध्ये डिलिसने विचारलं.
डिलिस बाळांची वजनं करते, तिच्या खिशात कायम बिस्किटांचा चुरा.
क्लिनिकात हीटर उगाच चालू, सगळ्या बाया बाह्या सारून बसलेल्या,
आणि मेरेरिदच्या मानेला लोकरीचा स्कार्फ.
स्कार्फबद्दल डिलिसने चकार शब्द काढला नाही.
बाळ तागडीत ठेवलं, आकडा लिहिला, म्हणाली,
रात्री कुठल्या बाजूला झोपतेस गं?

दाराच्या.

मग, बाळाला मोजे घालता घालता:
बूट घालून.

कागदावर याला चौकोन नव्हता.
डिलिसने तळाच्या 'इतर'मध्ये लिहिलं,
'इतर'ला जागा बोटभर, म्हणून अक्षर मुंगीएवढं,
आणि टपालात टाकलं नाही. स्वतः जिना चढून आली.

त्या गुरुवारी टेबलावर बूट आले.
बुटांमागून मग एकेक निघू लागलं.
घरखात्याची ग्लेनिस: कुलूप बदलून दिलंय आम्ही. तीनदा. 'चावी हरवली' म्हणून.
शाळेचे सर: थोरला मधल्या सुट्टीत घरी फोन लावून मागतो, रोज.
आम्हाला वाटलं, लाडावलाय.
खोटं कुणीच बोललं नव्हतं.
ज्याच्या त्याच्या फायलीत ज्याचं त्याचं नीट लावलेलं.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणे.
इथं चार मुठी झाकलेल्या
आणि चारींत मिळून एक बाई.

अध्यक्षबाई खोकल्या. म्हणाल्या,
अर्धा तास झाला, आपण तिच्याबद्दल बोलतोय.
तिने घर सोडावं, तिने नंबर बदलावा, तिने पोरांची शाळा बदलावी.
तो आत्ता कुठे आहे?

बोटीचा भोंगा झाला.
मी पानं उलटली. सगळ्या फायलींत मिळून
त्याच्याबद्दल एकच ओळ होती:
'नवरा शांत. चहा दिला.'

'पाठपुरावा करावा' असं मी वर्षानुवर्षं लिहीत आले.
त्या दिवशी बोटं थांबली.
करावा, म्हणजे कुणी?
इतिवृत्तवालीने बोलायचं नसतं. बोलले.
इडवाल म्हणाला, मी. आज. पाचच्या आत. त्याच्याकडे.
त्याचे कान लाल झाले होते.

मेरेरिद आहे.
कुठे, ते इथं लिहिणार नाही.
आता बूट काढून झोपते का, ठाऊक नाही.
डिलिस म्हणते, ते विचारायची घाई नको.

नवा कागद आलाय. 'इतर'ला अर्धं पान.
बेरजेची चौकट अजून आहेच, खाली, कोपऱ्यात.
इडवाल तिथं आकडा लिहितो
आणि शेजारी, पेन्सिलीनेच,
छापलेलं नसताना:
विचारताना घरात आणखी कोण होतं.